गाडी किती देते?

“पण महाराज, ठेवू की विकू? एवढंच सांगा.”

धैर्यशील जाचक याने हा प्रश्न विचारला तेव्हा मठातल्या भंडाऱ्याच्या पंगती उठल्या होत्या. विश्रामगिरी महाराज पारावर बसून पंच्याला हात पुसत होते.

महाराजांनी त्याच्या खांद्यावरून पलीकडे पाहिले.

आवाराच्या फाटकापाशी धैर्यशीलची गाडी उभी होती. पांढरी, उंच, रुंद. तिच्यामुळे बैलगाडी जाईल एवढीही वाट उरली नव्हती. गाडीत कोणी चालक नव्हता, तरी इंजिन चालू होते.

पत्रावळी गोळा करणारी भागूआक्का थांबली.

“दादासाहेब, गाडी उभी हाय का चाललीय?”

“आई बसलीय आत. एसी चालू ठेवलाय.”

“असं व्हय. मला वाटलं, सगळे जेवले, हीच तेवढी उपाशी राहील म्हणून पाजताय.”

धैर्यशीलने तिच्याकडे पाहिले नाही. तो महाराजांचा अनुग्रह घेतलेला शिष्य होता. गेल्या निवडणुकीपर्यंत दूध संघाचा अध्यक्ष होता. गाडी त्या दिवसांतली. अध्यक्षपद गेले, गाडी राहिली, आणि त्या आठवड्यात डिझेल पुन्हा वाढले होते.

असा प्रश्न घेऊन येणाऱ्याला बहुधा उपदेश नको असतो. त्याला परवानगी हवी असते. ती कशाची, हे मात्र त्याचे त्यालाही नीट ठाऊक नसते.

“लहान घ्या की एखादी,” भागूआक्का म्हणाली.

“लहान गाडीतून उतरलो की लोक म्हणणार, संपला.”

“मग आत्ता काय म्हणत्यात?”

“आक्का, तुम्ही पत्रावळी उचला.” तो पुन्हा महाराजांकडे वळला. “खरं सांगतो, महाराज. ओळखीच्या पंपावर जायचं सोडलंय. तिथं टाकी फुल करायची सवय होती. आता थोडं थोडं टाकावं लागतं. मग घाट उतरून पलीकडच्या तालुक्यात जातो. तिथं मला कोणी ओळखत नाही.”

“तिथवर जायला डिझेल लागत नाही?”

“लागतं.”

महाराजांनी पंच्याने तोंड पुसले.

“हसू नका, महाराज.”

“मी हसलो नाही.”

ते खरे होते. महाराज हसले नव्हते. पंचा खांद्यावर टाकून त्यांनी विचारले,

“गाडी किती देते?”

आता धैर्यशील हसला. “असल्या गाडीला तसं विचारत नाहीत, महाराज.”

वाहनाविषयी ‘किती खाते’ असे आपल्याकडे सहसा कोणी विचारत नाही. ‘किती देते’ असे विचारतात. म्हशीच्या दुधाची चौकशीही याच शब्दांत होते. गोठ्यातला शब्द रस्त्यावर आला तेव्हा त्याच्यासोबत गोठ्यातला विश्वासही आला, की जे पोसावे ते काहीतरी परत देते. मोठ्या गाडीच्या मालकाला मात्र हा प्रश्न अपमानाचा वाटतो. विचारणाऱ्याने आपली ऐपत काढली, असे तो समजतो.

महाराजांनी प्रश्न मागे घेतला नाही.

“किती देते?”

“फारसं नाही. घाटात तर विचारूच नका.”

“तसं नव्हे. तुला काय देते?”

धैर्यशीलने विचार केला. “मान देते.”

“आणि आईला?”

“आईसाठीच तर ठेवलीय! तिला डोळ्यांसाठी मिरजेला न्यावं लागतं. दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन आहे.”

“नेतोस?”

“नेत होतो. पण मिरजेची खेप म्हणजे... आता डिझेलचं तुम्ही बघताच. मधले काही महिने राहून गेले.”

“मिरजेला एसटी जात नाही?”

“जाते. सकाळची थेट आहे. आमच्या दारावरूनच जाते.”

“मग?”

“जाचकांची आई एसटीनं?”

“ती काय म्हणाली?”

“ती काय, पिशवी भरून तयार होती. मीच बसवलं तिला खाली.”

भागूआक्काचे हात थांबले होते.

“डोळे?” महाराजांनी विचारले.

“एक गेला... दुसऱ्यात थोडं आहे अजून. डॉक्टर म्हणतात, वेळेवर आलात तर तेवढं तरी राहील.”

गाडीने न्यावे तर परवडत नव्हते आणि एसटीने न्यावे तर शोभत नव्हते. या दोन गोष्टींच्या मध्ये एक म्हातारी घरात बसून होती, आणि तिच्यापुरता दिवस मावळत चालला होता. हे धैर्यशीलला दिसत नव्हते असे नाही. त्याने ते मांडले मात्र डिझेलची तक्रार म्हणून.

“आज इथवर आलास,” महाराज म्हणाले.

“आज भंडारा. सगळा तालुका जमतो.”

इंजिनाची घरघर तेवढी येत होती.

महाराज उठले. “चल. आईला उतरवू.”

“तिला उतरता येत नाही, महाराज. गाडी उंच आहे. खाली पाट ठेवावा लागतो आणि तो आज घरीच राहिला. तुम्हीच चला गाडीपाशी. मी काच खाली घेतो. ती आतूनच नमस्कार करील.”

महाराज गाडीपाशी गेले. त्यांनी दार उघडले. आतली थंड हवा बाहेर आली.

धैर्यशीलची आई हौसाबाई पदर सावरून बसल्या होत्या. मठात यायचे म्हणून चपला आधीच काढून हातात घेतल्या होत्या.

“धैर्या, आलास का? पाट ठेवलास?”

धैर्यशील उत्तर देणार, तोच महाराज खाली वाकले. त्यांनी दोन्ही गुडघे मातीत टेकले, दोन्ही तळहात टेकले, आणि दाराखाली पाठ धरली.

“महाराज! अहो...”

महाराजांनी मान न उचलता एक हात वर केला. गप्प, असा तो हात होता.

भागूआक्काने पुढे होऊन हौसाबाईंचा दंड धरला.

हौसाबाईंनी पाय खाली सोडला. तो चाचपडला, मग टेकला. दुसराही टेकला. क्षणभर त्या तशाच उभ्या राहिल्या, सवयीने, तोल सावरत.

“ह्यो नवा पाट का रं? हलतोय जरा. पण बरा हाय... मऊ लागतोय पायाला.”

धैर्यशीलने तोंड फिरवले.

हौसाबाई मातीवर उतरल्या. महाराज उठले. त्यांच्या भगव्या छाटीवर दोन पावलांची धूळ उमटली होती. ते हौसाबाईंच्या उजव्या हाताला, अगदी जवळ उभे राहिले.

“महाराज कुठं हायती?” हौसाबाईंनी विचारले.

कोणी उत्तर देण्याआधीच त्या वळल्या. दुपारच्या उन्हात त्यांच्या उरलेल्या नजरेला एकच गोष्ट दिसत होती: समोरचे काहीतरी मोठे, पांढरे, उजळ. त्यांनी त्यालाच हात जोडले. मग वाकल्या आणि गाडीच्या पत्र्याला कपाळ टेकले.

“आई, तिकडे नाही, महाराज इकडे...”

“राहू दे,” महाराज म्हणाले.

हौसाबाईंचे ओठ हलत होते. त्या मुलासाठीच काही मागत असाव्यात, कारण त्याचे नाव मधूनमधून ऐकू येत होते. भागूआक्काने पदर डोळ्यांना लावला.

धैर्यशील उन्हात उभा होता. त्याचा चेहरा उतरला होता. काहीतरी बोलावे, एवढे त्याला कळत होते. त्याने आईकडे पाहिले, गाडीच्या दाराकडे पाहिले, दारापासून जमिनीपर्यंतच्या अंतराकडे पाहिले.

“महाराज...”

“बोल.”

“चुकलंच माझं. उद्याच्या उद्या गॅरेजला नेतो. दोन्ही बाजूंना जादा पायरी बसवून घेतो.”

महाराज त्याच्याकडे पाहत राहिले... मग हौसाबाईंकडे.

“बसव,” ते म्हणाले. “देवळाला पायरी पाहिजेच.”