एकटीची वस्ती

कारखान्यांच्या मधोमध इंदुमती घोलप यांचं एकच घर उरलं होतं. शेजारीपाजारी धुराला कंटाळून कधीच निघून गेले होते. अशात महापालिकेने औद्योगिक पट्ट्याचे नियम बदलायला घेतले आणि हरकती ऐकायला लोकांना बोलावलं. इंदुमतीबाई तिथे गेल्या, त्या घरासमोरच्या अंधाऱ्या रस्त्यावर एक दिवा मागायला.

नगररचना अधिकारी दाभाडे हसले. "आजी, दिवा वस्तीला मिळतो. एकट्या माणसाला कोणी वस्ती म्हणत नाही."

"बरं," म्हणून बाई खाली बसल्या.

मग दाभाड्यांनी नवा नियम वाचून दाखवला. औद्योगिक पट्ट्यात यापुढे वस्ती चालणार नाही, असेल ती उठवली जाईल. "म्हणजे आजी, तुम्हालाही घर सोडावं लागेल."

बाई पुन्हा उभ्या राहिल्या. "साहेब, नियम वस्तीला आहे. मी वस्ती नाही, हे आत्ताच तुम्ही सगळ्यांसमोर सांगितलंत."

सभागृहात हशा पिकला. साहेबांनी पाण्याचा ग्लास जवळ ओढला आणि ते घर नियमातून वगळलं.

संध्याकाळी बाई अंधारात चाचपडत घरी आल्या. कुलूप उघडताना त्यांच्या मनात आलं, एकटं माणूस म्हणजे वस्ती नव्हे, हे साहेबांचं म्हणणं खोटं पाडता आलं असतं तर जास्त बरं झालं असतं.