गायरानावरचा साक्षीदार

पालं पाडायला आलेला जेसीबी गायरानात घुरघुरत उभा राहिला, तशी पारध्यांच्या बायांनी रडणाऱ्या लेकरांची तोंडं पदरानं दाबली. गाडीचा आवाज आला की आपल्यावर काहीतरी कोसळणार, एवढं त्यांना जन्मापासून ठाऊक होतं.

पारध्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या वकील नसीमताईंनी तहसीलदारांना कसंबसं थांबवलं. तहसीलदार म्हणाले, "हे इथले जुने रहिवासी आहेत, असं गावातल्या एकानं जरी सांगितलं, तरी मी मशीन परत नेतो."

सरपंच बाजीराव मिशीला पीळ देत शेजारीच उभे होते. त्यांच्यासमोर तोंड उघडायची कुणाची छाती होईना.

"कोण सांगणार? कालच आलीत ही माणसं!" सरपंच हसले.

म्हातारी झेलाबाई पुढं आली. "व्हय मालक, आमी कालचीच. मग गावातली हरेक चोरी आमच्या माथी कशापायी मारता?"

सरपंच भडकले. "जातच चोरांची तुमची! माझ्या आज्यानं तुझ्या आज्याला ह्याच गायरानातून धरून रोज चावडीवर हजेरीला उभं केलंय!"

झेलाबाईनं तहसीलदारांना नमस्कार केला.

"साक्षीदार घावला, साहेब. आता मालकांची सही घ्या."