आठल्ये सरांचे दोन आक्षेप

वाचनालयात अक्षरांच्या सोंगट्या लावून शब्द बनवायचा खेळ चाले, आणि जिंकत कायम निवृत्त मुख्याध्यापक आठल्ये सर. तालुक्याच्या स्पर्धेला एकालाच पाठवायचं होतं. सरांच्या शेजारी राहणाऱ्या शलाकाने नाव दिलं तेव्हा सर हसले. "पोरी, तू गुण लिहायला ये." जिंकेल तो तालुक्याला जाईल असं ठरवून तिने तिथेच त्यांना डावाला बसवलं.

नियम सरांचाच होता: आक्षेप घेतलेला शब्द कोशात सापडला, तर आक्षेप घेणाऱ्याची पाळी जाईल. शलाकाने हेरलं होतं, की सरांना जो शब्द माहीत नाही तो त्यांच्या मते मराठीतच नसतो.

तिने 'चुंबळ' हा शब्द लावला.

"असा शब्दच नाही!" सर गरजले.

कोशात निघाला: डोक्यावर हंडा ठेवताना खाली घ्यायची कापडाची गुंडाळी. सरांची पाळी गेली. मग तिने 'वैल' लावला.

"हा तर नाहीच नाही!"

तोही निघाला: चुलीला जोडलेली छोटी चूल. पुन्हा पाळी गेली, डाव गेला आणि तालुक्याची जागाही गेली.

"चाळीस वर्षं मराठी शिकवलं मी! हे शब्द आणलेस कुठून?"

"तुमच्याच स्वयंपाकघरातून, सर. काकू तुमची आमटी वैलावरच गरम ठेवतात."

"आणि गॅस आणा म्हणून मी कधीची सांगतेय," मागे बसलेल्या काकू म्हणाल्या, "तोही शब्द यांच्या कोशात नाही."