हळू मारायचं माप

"ज्या हातानं माझा तोफ्या मारला, तो हात तोडा!" नागोजीराजा गरजला.

तोफ्या म्हणजे राजाचा टकरीचा एडका. दूध पिऊन माजलेलं जनावर! ते सुटलं आणि घाटावर धुणं धुणाऱ्या धुरपी परटिणीवर धावलं. तिनं हातातलं धोपटणं हाणलं. नेमकं कानशिलावर बसलं, एडका जागीच आडवा! आता परटिणीचा उजवा हात गेला तर तिनं खायचं काय? पण राजेलोकांना असलं कुठं सुचतंय!

"पळायचं होतंस!" राजा म्हणाला.

"मागं डोह, पुढं एडका. पळू कुठं, महाराज?"

"मग हळू मारायचं! थांबेल, पण मरणार नाही, एवढंच!"

"बरोबर, बरोबर!" कारभाऱ्यानं मान डोलावली. त्याला दुसरं काही येतच नव्हतं.

राजा हट्टाला पेटला. "तोफ्याचा भाऊ आहे अजून. उद्या तो तुझ्यावर सोडतो. थांबव त्याला! पण अंगावर वळ जरी उठला, तरी हात गेला समज!"

"कबूल," धुरपी म्हणाली. "फक्त माझ्या धुण्याच्या दगडावर माझ्या शेजारी उभे राहा. किती जोरानं मारू ते तुम्ही सांगा. सांगाल तेवढंच मारीन."

"हात्तिच्या! त्यात काय अवघड!"

दुसऱ्या दिवशी सारं गाव घाटावर. राजा अंगरखा सावरत दगडावर चढला. कारभारी आधीच झाडावर चढून बसलेला! एडका सुटला. मान खाली, धूळ वर.

"महाराज, किती जोरानं मारू?"

"थांब, जरा विचार करू दे..."

"आला, महाराज! शिंगावर मारू का पायावर?"

"अगं..."

"हळू म्हणजे किती हळू?"

"अगं बाई, मार! कसंही मार! जीव घेतोय माझा! मार!"

धुरपीनं धोपटणं खाली ठेवलं. एडका दोन हातांवर आला आणि गचकन थांबला. त्याच्या मागच्या पायाला कपडे वाळत घालायची दोरी होती. सकाळी एडका घाटावर आणला, तेव्हाच तिनं गुपचूप तिचं दुसरं टोक खुंटाला बांधून ठेवलं होतं.

"एडका थांबला, वळही नाही," धुरपी म्हणाली. "आणि मापही कळलं, महाराज. 'कसंही मार!' त्या दिवशी मी तेवढंच मारलं. दोरी मात्र त्या दिवशी तुमच्या माणसांनी बांधली नव्हती!"

राजा घाम पुसता पुसता खो खो हसत सुटला. इतका, की तोल जाऊन डोहातच पडायचा! धुरपीनं उजव्या हातानं त्याला धरलं. राजानं आपलं सोन्याचं कडं काढून त्याच हातात चढवलं.

आणि झाडावरच्या कारभाऱ्याला खाली बोलावून एडक्याची दोरी धरायला दिली. जन्मभर!