नऊ हजार नऊशे त्र्याहत्तर चिंचोके

एकदा एक शिष्य गणिताच्या वृद्ध आचार्यांकडे शेवटची परीक्षा द्यायला बसला. त्या पाठशाळेची रीतच होती: निघणाऱ्या प्रत्येकाला चिंचोक्यांचे एक पोते मिळे. सगळे चिंचोके सारख्या ओळींत मांडायचे, एकही उरता कामा नये. एकच लांबलचक ओळ घालून किंवा ओळीत एकेकच चिंचोका ठेवून मोकळे होण्याची युक्ती काही महाभागांनी पूर्वी केली होती, म्हणून तिला मनाई होती.

या शिष्याला गावी जाऊन मुलांना शिकवायचे होते. गावाने शाळा बांधून ठेवली होती; आचार्यांची अनुज्ञा तेवढी हवी होती. त्याच्या पोत्यात नऊ हजार नऊशे त्र्याहत्तर चिंचोके निघाले.

दोन-दोनच्या ओळी घातल्या, एक उरला. तीन-तीनच्या घातल्या, तरी एक उरलाच. सहा-सहाच्या घातल्या, पुन्हा तोच आगाऊ एक. मग त्याने पाटी घेतली आणि भागाकार सुरू केले. बरोबरीचे शिष्य परीक्षा आटोपून जेवायला बसले; हा शंभर ओलांडून दोनशेपर्यंत गेला, तरी काही जुळेना. एक चिंचोका खिडकीबाहेर टाकला असता तर सहा-सहाच्या ओळी बिनतक्रार लागल्या असत्या, आणि मोजायला कोण येणार होते? त्याने तो उचललाही. पण त्याच्याच्याने ते होईना. चिंचोका ढिगात ठेवून तो आचार्यांकडे गेला आणि भरल्या डोळ्यांनी म्हणाला, "गुरुजी, मला जमले नाही."

आचार्य आले, त्यांनी पाटी पाहिली आणि त्या ढिगालाच हात जोडले.

"इतरांच्या संख्यांना भाग जात होता," ते म्हणाले. "ही मूळसंख्या आहे. चार अंकी मूळसंख्यांत सर्वांत मोठी. दहा हजारांच्या दाराशी उभी आहे आणि कुणाला दाद देत नाही. मला ती फार आवडते. पण तू शंभराच्या पुढे कशाला गेलास? ओळीत शंभराहून अधिक चिंचोके बसले असते, तर ओळी शंभराहून कमी झाल्या असत्या. कारण शंभर गुणिले शंभर म्हणजे दहा हजार, आणि तितके तर पोत्यातच नाहीत. मग ओळींची ती संख्या तुला शंभराच्या आतच भाजक म्हणून भेटली असती. ती भेटली नाही, तेव्हाच उत्तर तुझ्या हाती आले होते. तू त्याला आपले अपयश समजलास. उद्या एखादे मूल न सुटणाऱ्या गणितापाशी अडेल. 'मला येत नाही' आणि 'हे होतच नाही' यांतला फरक शिक्षकालाच कळला नाही, तर ते पोर स्वतःला जन्मभर मठ्ठ समजेल. आता पुन्हा सांग."

शिष्याने डोळे पुसले. पाटीवरचे शंभराच्या आतले भागाकार त्याने सावकाश, एकेक करून पाहिले. या वेळी त्याला घाई नव्हती.

"गुरुजी, यांच्या ओळी होत नाहीत. कुणाच्याच हातून होणार नाहीत."

"जा," आचार्य म्हणाले, "शाळा उघड."