बोलघेवड्याचे चार आरसे

“सांगा ना बाई, आता बोलघेवडा कधी मरेल का?”

सुश्रुतनं पुन्हा विचारलं. बाई दूध तापवत होत्या. त्यांनी आच बारीक केली आणि सायीवर फुंकर घातली.

बोलघेवडा म्हणजे कुणी माणूस नव्हे. समोरचा मराठी मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारा तो एक प्रोग्रॅम. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांना वर्तमानपत्र, विजेचं बिल आणि नातवंडांचे मेसेज तोच वाचून दाखवायचा. सरोजिनीबाई देसाईंनी तो कॉलेजात शिकवत असताना लिहिला आणि त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला ठेवला. कुणीही न्यावा, वापरावा, आपल्या सोयीनं बदलावा. निवृत्तीनंतर बाई गडहिंग्लजला येऊन राहिल्या आणि पुण्यात बसून बोलघेवड्याचं सगळं बघू लागला तो हा सुश्रुत.

पोरगा हुशार. फक्त ते त्याला फार लवकर कळलं होतं.

आज तो आला होता किल्लीसाठी. अंगठ्याएवढी ती यूएसबी किल्ली बाईंच्या गळ्यात दोऱ्याला असायची. सुश्रुतनं कितीही लिहिलं, तरी ते मूळ कोडमध्ये जायला शेवटी तीच लागायची. बाई आता थकल्या होत्या. ‘ये एकदा, बोलू,’ असा त्यांचा निरोप आला, तेव्हाच सुश्रुतच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

“बघा,” त्यानं ओट्यावरच लॅपटॉप उघडला. “कोड ठेवणाऱ्या कंपन्यांचा काय भरवसा? आज आहे, उद्या दुकान बंद. म्हणून मी चार वेगवेगळ्या कंपन्यांकडे आपले मिरर लावले. आरसे! मूळ कोडमध्ये तुम्ही काही बदललंत, की माझ्या घरचा संगणक ते उचलतो आणि चारही ठिकाणी तसंच्या तसं लावतो. चहा निवायच्या आत.”

“तसंच्या तसं?”

“तंतोतंत. जुनं काही मागे राहत नाही. मी सगळं झाडून टाकतो.”

“आणि तुझ्याजवळची प्रत?”

“चार जागी असताना घरात अडगळ कशाला? नवा लॅपटॉप घेतला, जुना पुसून देऊन टाकला.”

बाईंनी गॅस बंद केला.

“मीही पुसली,” त्या म्हणाल्या. “तूच कळवलं होतंस ना, की आता कुणी आपापल्या प्रती ठेवत बसू नका.”

“मग! किती सुटसुटीत झालं बघा.”

भिंतीपलीकडून पेटीचे सूर येत होते. कुणीतरी एकच तान पुन्हापुन्हा घोटत होतं. बाई थोडा वेळ ऐकत राहिल्या. मग हात पदराला पुसून टेबलाशी जाऊन बसल्या, गळ्यातली किल्ली आपल्या संगणकाला लावली आणि काहीतरी टाइप केलं. फार नाही, एखादी ओळ असेल.

“चहा घे,” त्या म्हणाल्या.

सुश्रुतनं चहा घेतला. चांगला आल्याचा चहा होता.

“आता बघ तुझे आरसे.”

त्यानं पहिला आरसा उघडला. बोलघेवड्याचा सगळा कोड जिथं असायचा, तिथं एकुलती एक फाईल होती. तिच्यात लिहिलं होतं : ‘आज माझं दही बिघडलं.’

त्यानं दुसरा उघडला.

‘आज माझं दही बिघडलं.’

तिसरा… चौथा…

चारही आरसे अगदी लख्ख होते. चारही ठिकाणी बाईंचं दही बिघडलेलं होतं.

“बाई! हे काय केलंत?”

“मूळ कोड पुसला आणि ही ओळ लिहिली. तुझ्या आरशांनी तंतोतंत उचलली की रे. शाबास.”

सुश्रुत लॅपटॉपवर वाकला. तिथूनच त्यानं पुण्यातल्या घरच्या संगणकात डोकावून पाहिलं. तिथं जुनं काही सापडलं असतं, पण कचरा ताबडतोब झाडून टाकायची व्यवस्था त्यानं स्वतःच मोठ्या हौसेनं केली होती. झाडलोट छान झाली होती. एक कपटासुद्धा राहिला नव्हता.

“बाई, एवढ्या वर्षांचं काम… लोकांचं रोजचं वाचन आहे ते… तुमचं स्वतःचं आहे!”

“हो.”

“मग?”

“दूध कोमट झालंय,” बाई म्हणाल्या, “आणि घरात विरजण नाही. शेजारी दस्तगीर मास्तर राहतात, त्यांच्याकडून घेऊन ये जरा.”

“विरजण?”

“थोडंसं दही रे. दुधाला लावायला.”

“विरजण म्हणजे काय ते मला माहीत आहे!” तो जवळजवळ ओरडलाच.

बाई दुधात बोट बुडवून बघत राहिल्या…

दुसरं सुचत नव्हतं म्हणून सुश्रुत उठला. डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं आणि ते बाईंना दिसू नये, हेही एक कारण होतं.

शेजारचं दार उघडंच होतं. दस्तगीर शिकलगार हे पेटी शिकवणारे मास्तर. लहानपणी देवीच्या रोगात दृष्टी गेलेली, पण अंगावरचा झब्बा कडक इस्त्रीचा. त्यांनी चप्पल वाजल्याबरोबर मान वळवली.

“कोन? पुण्याचं पावनं व्हय? या की. बाईंनी सांगितलंवतं येनार म्हनून.”

“विरजण हवंय… बाईंना.”

“परत बिघडलं? बसा. परवा त्यांच्याकडनंच आणलंवतं मी. म्हंजे त्यांचंच हाय ते.”

मास्तर भिंत चाचपत आत गेले. सुश्रुत खुर्चीच्या कडेवर बसला. कोपऱ्यात एक जुना संगणक चालू होता, आणि तो बोलत होता. वर्तमानपत्र वाचत होता.

“...आनि आता ऐका पावसाचं. उद्या लई न्हाई, पर छत्री ठेवा जवळ.”

सुश्रुत ताडकन उभा राहिला.

हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. कुणा डी. शिकलगारनं बोलघेवड्याला कोल्हापुरी बोलायला शिकवून ते काम त्याच्याकडे पाठवलं होतं. सुश्रुतनं ते घेतलं नव्हतं. ‘यामुळे एकसारखेपणा बिघडतो. कृपया आपली वेगळी प्रत काढून टाकावी,’ असं ठसक्यात कळवलंही होतं.

मास्तरांनी बाहेर येऊन वाटी त्याच्या हातात दिली. स्टीलची छोटी वाटी, तळाशी चमचाभर दही.

“मास्तर… हे तुमचं काम? तुम्ही ती प्रत काढली नाही?”

“आवो, कशी काढू? रोज बोलतंय ते माझ्यासंगं.”

“आणि बाकीचा बोलघेवडा? मूळचा? तो… तो आहे तुमच्याकडे?”

“बाईंनी लिवलेल्या पयल्या अक्षरापासनं हाय की. तुमचं बी सगळं हाय. काल सांजच्यालाच तुमचं नवं ओढून घेतलं.”

“मी तुमचं नाकारलं होतं, मास्तर.”

“तुमी माझं घेतलं न्हाई, म्हनून मी तुमचं सोडू व्हय?” मास्तर हसले. “तुमी ते आकडे वाचायचं चांगलं केलासा. विजेचं बिल आता चुकत न्हाई बगा.”

सुश्रुतला एकदम हसू फुटलं. जीव भांड्यात पडला, आणि ते भांडं तर त्याच्या हातातच होतं. तो हसला, मग थोडा रडला, आणि मास्तरांना कळू नये म्हणून खोकला. मास्तरांना ते कळलंच. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

“माझं चुकलं, मास्तर.”

“ऱ्हाऊ द्या वो. दही घट्ट धरा, सांडशीला.”

तो परतला तेव्हा एका हातात वाटी होती आणि दुसऱ्या हातात मास्तरांनी दिलेला पेन ड्राइव्ह. बाईंनी पेन ड्राइव्हकडे पाहिलंच नाही. वाटी घेतली, दही दुधात घालून ढवळलं, वर ताटली ठेवली आणि पातेलं कोपऱ्यात सरकवलं.

“हं, आता तुझं काम कर.”

सुश्रुतनं मास्तरांची प्रत उघडली. सगळं जागच्या जागी होतं. बाईंची पहिली ओळ होती, त्याचे स्वतःचे जुने घोटाळे होते, ते निस्तरलेले होते. आणि सगळ्यांत शेवटी मास्तरांचा कोल्हापुरी आवाज होता. सवयीनं त्याचं बोट तेवढं वगळायला गेलं…

…आणि मागे आलं. बाईंनी गळ्यातली किल्ली लावून दिली आणि त्यानं सगळंच्या सगळं मूळ जागी परत लावलं. चारही आरसे पुन्हा भरले.

“चालतंय का बघ,” बाई म्हणाल्या.

त्यानं बटण दाबलं.

“काय वो,” बोलघेवडा खणखणीत आवाजात म्हणाला, “जेवलासा का?”

भिंतीपलीकडची पेटी थांबली आणि मास्तर इतके मोठ्यानं हसले की बाईंनाही हसू आवरेना. सुश्रुत तर पोट धरून खाली बसला. इतका मोकळा तो पुण्यात कधी हसला असेल, असं वाटत नाही.

हसू ओसरल्यावर तो बाईंच्या शेजारी जाऊन बसला. किल्ली मागायला मनात जुळवून आणलेलं भाषण आता आठवत नव्हतं.

“बाई,” तो हळूच म्हणाला, “तुम्हाला माहीत होतं ना, मास्तरांकडे आहे ते?”

“मला एवढंच माहीत होतं, की परवा मी त्यांना दही दिलं होतं.”

“मी आता पाचवा आरसा…” एवढं बोलून तो स्वतःच थांबला.

बाई वाटी घासत होत्या. राख लावून, आतून बाहेरून, अगदी निवांत.

“आणि किल्ली?” त्यानं विचारलं. “आता नसेल मिळणार. मला समजतं.”

बाईंनी वाटी धुतली, पदरानं कोरडी पुसली, उजेडात धरून बघितली. मग गळ्यातला दोरा काढला आणि किल्ली वाटीत ठेवली. टण्ण असा छोटा आवाज झाला. वाटी त्यांनी सुश्रुतच्या हातात दिली आणि शेजारच्या दाराकडे मान हलवली.

सुश्रुत उंबऱ्यापर्यंत गेला आणि घुटमळला. वाटीकडे पाहिलं. बाईंकडे पाहिलं…

“बाई, ही किल्ली माझ्यासाठी, की मास्तरांसाठी?”

बाई पातेल्यावरची ताटली सारखी करत होत्या. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

“शेजारची वाटी रिकामी परत नेत नाहीत रे. एवढंही आईनं शिकवलं नाही?”