चव्वेचाळीस मणांची चोरी

गडाच्या तटाला चुना कमी पडू लागला, तेव्हा कारखानीस राघोपंतांनी भट्टीवरच तराजू लावला. शंभर मण चुनखडी आत गेली आणि चुना निघाला छप्पन्न मण. भट्टी लावणाऱ्या येसू लोणारणीला हात बांधून सदरेवर आणलं.

"चव्वेचाळीस मण कुठे विकलेस ते सांग, नाहीतर हात तोडले जातील."

"विकलं नाही, पंत. भट्टीत जे जातं, त्यातलं काही वर उडून जातं. तेही धरलं, तर दोन्ही पारडी सारखी होतील."

"धुराला कधी वजन असतं होय? चोराला सबब बरी सापडली," पंत म्हणाले. सदर हसली.

येसू हसली नाही. "पंत, गेल्या पंधरवड्यात तुमचे वडील गेले. त्यांना न्यायला चार खांदे लागले. तिसऱ्या दिवशी अस्थी मात्र तुम्ही एकट्यानं, एका मडक्यात आणल्यात. बाकीच्या वजनासाठी कोणाच्या घराची झडती घेतलीत?"

पंतांचा हात नुकतेच केस फुटू लागलेल्या डोक्यावर गेला.

"हिचे हात सोडा," ते म्हणाले.